लेबल लागलं, पण अँटीबॉडी अजून ओळखते का? (किरणोत्सारी अँटीबॉडीची बंधन-चाचणी)

कोयना

नमस्कार मंडळी,

कर्करोगाच्या उपचारांवरच्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं की किरणोत्सारी अँटीबॉडीची शुद्धता ९८ टक्के आली की झालं, द्या पेशंटला. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी मुंबईतच एका रेडिओफार्मसी प्रयोगशाळेत काम करते. हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि त्यावर मराठीत फारसं काही सापडत नाही.

आधी थोडं मूळ. अँटीबॉडी म्हणजे साधारण दीड लाख डाल्टन वजनाचं, वाय आकाराचं प्रथिन. त्याच्या दोन टोकांवर अँटिजेन, म्हणजे ती जो रेणू ओळखते तो, पकडायची जागा असते. १९७५ साली कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच साच्यातल्या अँटीबॉडी हव्या तितक्या बनवायची रीत दाखवली, आणि मग विचार पुढे सरकला: कर्कपेशीवरचा अँटिजेन ओळखणारी अँटीबॉडी घ्यायची, तिला किरणोत्सारी अणू जोडायचा आणि मारा थेट गाठीवर न्यायचा. लिम्फोमातल्या सीडी२० या अँटिजेनसाठी अमेरिकेत २००२ मध्ये यिट्रियम-९० वालं झेव्हलिन आणि २००३ मध्ये आयोडीन-१३१ वालं बेक्सार मंजूर झालं. बेक्सार २०१४ मध्ये बाजारातून गेलं. पण ही कल्पना काही गेली नाही. ल्युटेशियम-१७७ आणि झिर्कोनियम-८९ जोडलेल्या अँटीबॉडींवर आज जगभर काम चालू आहे, आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही झालंय.

आता अडचणीची गोष्ट. अणू जोडताना (यालाच लेबल लावणं म्हणतात) अँटीबॉडीला आपण बरंच काही सोसायला लावतो. आयोडीन बसवायचं तर ऑक्सिडायझर लागतो. क्लोरामाइन-टी ही १९६२ पासूनची रीत, १९७८ मध्ये त्याहून सौम्य आयोडोजेन आलं. आयोडीन जाऊन बसतं प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर, आणि नेमकं अँटिजेन पकडायच्या जागेत टायरोसिन असेल तर तीच जागा बिघडते. ल्युटेशियमसारख्या धातूंना आधी डोटा किंवा डीटीपीएसारखा पकडणारा रेणू लागतो, तो लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाला जोडतात. एका अँटीबॉडीवर असे एक-दोन-तीन रेणू चालून जातात. त्यापुढे गेलं की ओळख मंदावायला लागते. शिवाय स्वतःच्या किरणोत्सारानेच द्रावणातल्या पाण्याचे तुकडे होतात आणि ते प्रथिनावर तुटून पडतात. म्हणून आपण अॅस्कॉर्बिक किंवा जेंटिसिक अॅसिड घालतो.

आणि शुद्धतेची चाचणी यातलं काय पाहते? क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर थेंब ठेवला, पट्टी सायट्रेटच्या द्रावणात उभी केली, द्रावण तिच्यावर चढलं. सुटं ल्युटेशियम द्रावणाबरोबर वर गेलं, अँटीबॉडीला धरून बसलेलं खालीच राहिलं. एवढंच. बिघडलेली अँटीबॉडीही खालीच राहते. गुठळ्या झालेलीही खालीच. ल्युटेशियमचा कोलॉइड (न विरघळलेले बारीक कण) झाला असेल तर तोसुद्धा खालीच बसतो आणि ९८ टक्क्यांत मोजला जातो! पट्टी फक्त सांगते की अणू सुटा फिरत नाहीये. अँटीबॉडी तिचा अँटिजेन ओळखते का, याबद्दल पट्टीला काही ठाऊक नाही.

त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते. आपल्याकडे तिला सगळे 'इम्युनोरिअॅक्टिव्हिटी' म्हणतात. प्रश्न सरळ आहे: माझ्या बाटलीतल्या किरणोत्सारी अँटीबॉडीपैकी किती टक्के अजून अँटिजेनला चिकटू शकतात?

सरळ उत्तर असं सुचतं की पेशींमध्ये अँटीबॉडी घाला, धुवा, मोजा. पण पेशी कमी असतील तर चांगल्या अँटीबॉडीही काही प्रमाणात न चिकटता राहतात. बंधन दोन्ही बाजूंनी चालू असतं, चिकटणं आणि सुटणं. सकाळच्या पहिल्या लोकलमध्ये जागाच जागा असताना जो उभा आहे, त्याला बसायचंच नाही हे नक्की. गर्दीच्या गाडीत उभ्या माणसाबद्दल तसं म्हणता येत नाही. १९८४ मध्ये लिंडमो आणि सहकाऱ्यांनी यावर फार देखणी युक्ती दिली. अँटीबॉडी प्रत्येक ट्यूबमध्ये तेवढीच आणि अगदी थोडी ठेवायची, पेशी दर ट्यूबला निम्म्या करत जायच्या. मग एकूण काउंट्स (काउंटर यंत्राने मोजलेला किरणोत्सार) भागिले चिकटलेले काउंट्स हा आकडा उभ्या अक्षावर आणि पेशींच्या संख्येचा व्यस्त आडव्या अक्षावर मांडायचा. सरळ रेष येते. ती मागे शून्यापर्यंत वाढवली की आपण जणू अमर्याद पेशींच्या ट्यूबपाशी पोचतो.

हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी निवडलेले आकडे बघा (दर मिलिलिटरमधल्या पेशी, चिकटलेला हिस्सा, आणि भागाकार):

५० लाख: ७४ टक्के, १.३५
२५ लाख: ६९ टक्के, १.४५
१२.५ लाख: ६१ टक्के, १.६५
६.२५ लाख: ४९ टक्के, २.०५
३.१ लाख: ३५ टक्के, २.८५

कागदावर मांडून बघा, रेष उभ्या अक्षाला १.२५ ला छेदते. एक भागिले १.२५ म्हणजे ०.८०. आपल्या अँटीबॉडीतल्या ८० टक्के अजून शाबूत आहेत. लक्षात घ्या, सगळ्यात जास्त पेशींच्या ट्यूबमध्येही ७४ च दिसत होते.

एक अट पाळायलाच हवी: अँटिजेन अँटीबॉडीपेक्षा भरपूर जास्त हवा. हर-टू अँटिजेनसाठी एसके-बीआर-३ नावाच्या स्तनाच्या कर्कपेशी वापरतात, त्यांच्या एकेका पेशीवर तो दहा लाखांच्या घरात असतो. अर्ध्या मिलिलिटरच्या शेवटच्या ट्यूबमध्ये दीड लाख पेशी धरल्या तर अँटिजेनचे रेणू झाले दीडशे अब्ज. पाच नॅनोग्रॅम अँटीबॉडीत रेणू असतात वीस अब्ज. म्हणजे सात-आठ पट, चालेल. कुणी उत्साहात मायक्रोग्रॅम घातला की संपलं, पेशी भरून जातात आणि रेष वाकते.

आणि ब्लॉक केलेली ट्यूब! प्रत्येक पायरीला एक जोडट्यूब हवी, जिच्यात बिनलेबलची तीच अँटीबॉडी आधी भरमसाट घातलेली आहे. तिथे खऱ्या जागा आधीच भरलेल्या असतात, म्हणून तिथे जे चिकटतं ते उगाच चिकटतं: प्लास्टिकला, मेलेल्या पेशींना, कशालाही. ते वजा करायचं. ही ट्यूब नसेल तर तुम्ही चिकटपणा मोजलात, ओळख मोजली नाहीत.

प्रश्न विचारा. जमेल तसं लिहीन.

---

शिवडी स्टेशन

ताई, वाचतोय, पण मी कॉमर्सवाला. माझ्या मेव्हण्यांना थायरॉइडसाठी आयोडीन दिलं होतं आणि शेजारच्या काकांना प्रोस्टेटसाठी ल्युटेशियम. त्यांचीही अशी चाचणी झाली असेल का? झाली नसेल तर काळजीचं आहे का?

---

कोयना

@शिवडी स्टेशन, काळजीचं काही नाही, कारण त्या दोन्हींत अँटीबॉडी नसते. थायरॉइडच्या पेशी आयोडीन स्वतःच ओढून घेतात, त्यांना ते हवंच असतं. तिथे ओळख पटवणारा मधला कुणी लागत नाही, नुसतं आयोडीन-१३१ पुरतं. प्रोस्टेटसाठी बहुतेक ठिकाणी देतात ते पीएसएमए नावाच्या अँटिजेनला चिकटणारा एक छोटा रेणू असतो. तो इतका लहान आणि दणकट की लेबल करताना ९० अंशांच्या वर तापवला तरी टिकतो. अँटीबॉडीला तसं तापवलं तर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं होईल. म्हणून तिला ३७ ते ४२ अंशांच्या आत, हळूहळू लेबल करतात, आणि म्हणूनच तिच्याबाबत ही चाचणी इतकी महत्त्वाची.

मेव्हण्यांच्या आणि काकांच्या औषधांच्याही आपापल्या तपासण्या असतात, त्या होतातच. त्यांना माझ्या शुभेच्छा.

---

जुना आरआयएवाला

कोयनाताई, छान लिहिलंय. माझी सगळी नोकरी आरआयएच्या ट्यूबा मोजण्यात गेली, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो.

तुम्ही सांगितलेल्या चाचणीची आम्ही उलटी बाजू रोज करत होतो. आरआयएमध्ये, म्हणजे रेडिओइम्युनोअॅसेमध्ये, किरणोत्सारी असतो तो अँटिजेन आणि साधी असते ती अँटीबॉडी. यॅलो आणि बर्सन या जोडीने १९६० च्या सुमारास इन्सुलिन मोजायला ही रीत मांडली. १९७७ चं नोबेल यॅलोबाईंना मिळालं, बर्सन १९७२ मध्येच गेले होते. पुढे १९६८ मध्ये माइल्स आणि हेल्स यांनी अँटीबॉडीलाच लेबल लावायची पद्धत आणली, तिला आम्ही इर्मा म्हणायचो. वाशीच्या ब्रिट या संस्थेची, थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच मोजायची इर्मा किट ज्यांनी वापरली आहेत त्यांना नाव ओळखीचं वाटेल.

मुंबईला या कामाची मोठी परंपरा आहे. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालचं. थायरॉइडच्या तपासणीसाठी तिथल्या पायऱ्या चढलेली माणसं तुम्हाला गिरगावापासून कल्याणपर्यंत भेटतील.

तर सांगायचं ते असं. नवा ट्रेसर, म्हणजे लेबल लावलेला अँटिजेन, आला की आम्ही सगळ्यात आधी एका ट्यूबमध्ये अँटीबॉडी वाटेल तेवढी घालून बघायचो, की ट्रेसरपैकी किती पकडला जातो. तो आकडा घसरला की ट्रेसर बिघडला. आयोडीन-१२५ ची अर्धायु साठ दिवसांची, पण ट्रेसर त्याच्या आधीच हात टेकायचा. काउंट्स भरपूर, पकड मात्र नाही. गॅमा काउंटरवर आकडा भला मोठा दिसतोय म्हणून खूश होणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना मी हेच सांगायचो की काउंटर अणू मोजतो, प्रथिनाची तब्येत नाही.

---

तर्ककर्कश

एक बाळबोध शंका. इतका खटाटोप कशाला? एलायझा नावाची साधी, बिनकिरणोत्सारी चाचणी आहेच की. डोटा जोडलेली अँटीबॉडी प्लेटवर तपासा, मूळ अँटीबॉडीशी ताडून बघा, झालं. पेशी वाढवा, धुवा, किरणोत्सार मोजणारा बॅज लावून बसा, हे सगळं वाचेल. एसपीआरचं (प्रकाशाच्या साहाय्याने बंधन मोजणारं) यंत्र असेल तर बंधनाची ताकदही मिळेल.

---

कोयना

@तर्ककर्कश, शंका बाळबोध मुळीच नाही. चांगल्या चांगल्या प्रयोगशाळांत हा वाद होतो. उत्तर आकड्यात देते.

समजा मी एक मिलिग्रॅम अँटीबॉडीला १८५ मेगाबेकरेल, म्हणजे पाच मिलिक्युरी ल्युटेशियम-१७७ लावलं. एक मिलिग्रॅम अँटीबॉडी म्हणजे ६.६७ नॅनोमोल. १८५ मेगाबेकरेल ल्युटेशियम-१७७ म्हणजे जेमतेम ०.२६ नॅनोमोल अणू. भागाकार करा: साधारण २६ अँटीबॉडींमागे एकीवर किरणोत्सारी अणू. बाकीच्या २५ थंडच, म्हणजे बिनकिरणोत्सारी.

एलायझा सगळ्या २६ मोजते. ती एक किरणोत्सारी अँटीबॉडी पूर्ण आंधळी झाली असेल तरी एलायझा म्हणणार, ९६ टक्के ठणठणीत. पेशंटच्या गाठीपाशी मात्र काम करायचंय त्या एकीला. बाकीच्या पंचवीस तिथल्या जागा अडवून बसणार आहेत.

आणि ती एक बिघडायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, विशेषतः आयोडीनमध्ये. ज्या रेणूवर आयोडीन बसलं त्याच रेणूच्या टायरोसिनशी छेडछाड झालेली असते. न बसलेल्यांना फक्त ऑक्सिडायझरचा ताप. म्हणजे नेमके आपल्या कामाचे रेणू वेगळे काढून मोजायला हवेत, आणि पेशींवरच्या चाचणीत काउंटर नेमकं तेच करतो. त्याला थंड रेणू दिसतच नाहीत.

एलायझा निरुपयोगी आहे असं म्हणत नाहीये. डोटा जोडण्याच्या पायरीनंतर ती मी आवर्जून करते. तिथेच अँटीबॉडी बिघडली असेल तर महागडं ल्युटेशियम वाया घालवायचं कशाला? पण लेबल लावल्यानंतरचा निकाल तिच्यावर सोडायचा नाही. एसपीआरचंही तसंच.

---

खारघरची

नमस्कार कोयनाताई, काका. मी एमएस्सीनंतर प्रकल्प करतेय (संस्थेचं नाव नको). आयोडीन-१२५ लावलेली अँटीबॉडी, लिंडमोची पद्धत. गेले काही दिवस डोकं फिरायची वेळ आलीये. रेष सरळ येते, बिंदू छान बसतात, पण छेद येतो ०.९! म्हणजे शाबूत हिस्सा १११ टक्के. गाइड म्हणतात पेशी मोजण्यात चूक, परत मोज. परत मोजल्या. आकडा तिथेच.

पद्धत थोडक्यात: ट्यूबमध्ये अर्धा मिलि, एक टक्का बीएसए (साधं प्रथिन) घातलेलं पीबीएस (खारट बफर), चार अंशांवर दोन तास हलवत ठेवलं, मग सेंट्रिफ्यूज, वरचं द्रावण ओढून टाकलं, दोनदा धुतलं, पेलेट (तळाला बसलेला पेशींचा गोळा) मोजला. 'एकूण'साठी वेगळ्या ट्यूबमध्ये तेवढीच अँटीबॉडी एक मिलि बफरमध्ये. ब्लॉक ट्यूब फक्त सगळ्यात जास्त पेशींच्या पायरीला आहे, तिथला आकडा सगळ्यांतून वजा केला.

---

जुना आरआयएवाला

बाळ, पेशींची मोजणी सोड. ती दुप्पट चुकली तरी सगळे बिंदू एकाच पटीने आडवे सरकतील. रेषेचा चढ बदलेल, छेद हलणार नाही. कागदावर करून बघ.

तुझा दोषी मला दिसतोय तो 'एकूण'च्या ट्यूबमध्ये. एक मिलि बफर ट्यूबमध्ये किती वर येतो बघ, आणि तुझा पेलेट कुठे असतो ते बघ. पेलेट तळाला, मोहरीएवढा. काउंटरचा क्रिस्टल विहिरीसारखा पोकळ असतो, ट्यूब त्यात उतरते. तळातला थेंब क्रिस्टलने चारही बाजूंनी वेढलेला असतो. द्रावणाची पातळी जसजशी वर येते तसतसे वरच्या भागातले किरण विहिरीच्या तोंडातून निसटतात. त्यात तुझं आयोडीन-१२५. त्याचे किरण २७ ते ३५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, इतके मऊ की पाणी आणि ट्यूबची भिंतही त्यातले थोडे गिळतात. म्हणजे 'एकूण' कमी मोजलं जातंय आणि पेलेट पुरेपूर. भागाकार आपोआप लहान होणार.

तपासायला सोपं आहे. तीच अँटीबॉडी एका ट्यूबमध्ये पन्नास मायक्रोलिटरमध्ये मोज, मग त्याच ट्यूबमध्ये बफर घालून एक मिलि कर आणि परत मोज. अणू तेवढेच, आकडा उतरला तर उत्तर मिळालं. मग पेलेटच्या ट्यूबांतही मोजण्याआधी बफर घालून सगळ्यांची पातळी सारखी करायची आणि पेलेट त्यात नीट मोडायचा. आमच्याकडे नियमच होता, मोजायच्या सगळ्या ट्यूबा डोळ्यांसमोर एका ओळीत धरायच्या आणि पातळ्या एका रेषेत दिसल्याशिवाय काउंटरला लावायच्या नाहीत.

---

कोयना

काकांना शंभर टक्के अनुमोदन. ल्युटेशियम-१७७ चे २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण यात कमी फसवतात, पण पातळी तिथेही सारखीच हवी.

@खारघरची, आणखी एक. उगाच चिकटणारा हिस्सा पेशींच्या संख्येबरोबर बदलतो. सगळ्यात जास्त पेशींच्या ट्यूबमधला आकडा सगळीकडे वजा केलास तर शेवटच्या ट्यूबांमधून गरजेपेक्षा जास्त वजा होतंय, तिथला भागाकार फुगतो, रेष जास्त उभी होते आणि छेद खाली ओढला जातो. तुझ्या ०.९ मध्ये याचाही वाटा असणार. प्रत्येक पायरीला स्वतःची ब्लॉक ट्यूब कर. कष्ट दुप्पट, पण त्याशिवाय या चाचणीला अर्थ नाही असं मी मानते.

पेशी कोणत्या आहेत? तळाला चिकटून वाढणाऱ्या असतील तर ट्रिप्सिनने सोडवू नकोस. ट्रिप्सिन प्रथिनं कापतं आणि तुझा अँटिजेन हे पेशीच्या अंगावरचं प्रथिनच आहे. ईडीटीएने सोडव, वेळ लागला तरी चालेल. राजी नावाच्या लिम्फोमाच्या पेशी तरंगत वाढतात, तिथे हा प्रश्न नाही. पण तिथे दुसरा आहे: राजीच्या अंगावर अँटीबॉडीची शेपटी पकडणारे एफसी रिसेप्टर असतात. सुट्या अँटीबॉडीला ते जेमतेम धरतात, गुठळ्यांना मात्र घट्ट. म्हणून राजीवर चाचणी लावण्याआधी एचपीएलसीवर (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रावर) गुठळ्या बघून घे. नाहीतर गुठळ्याच 'शाबूत' म्हणून मोजल्या जातील, आणि ब्लॉकने त्या पूर्ण पकडल्या जातील याची खात्री नाही.

चार अंशांवर ठेवतेस ते बरोबर. ३७ अंशांवर पेशी अँटीबॉडी आत ओढून घेतात आणि मग तो समतोल राहत नाही ज्यावर ही सगळी रेष उभी आहे. फक्त थंडीत बंधन हळू होतं. दोन तास पुरतात का हे एकदा चार तासांशी ताडून बघ.

---

सायनकर

न्यूक्लिअर मेडिसिनचा रेसिडेंट आहे. धागा उत्तम! आमच्याकडे हे तयार होऊन येतं, त्यामुळे बाटलीच्या आत काय असतं यावर इतका विचार कधी केला नव्हता. दोन प्रश्न. शाबूत हिस्सा ८० ऐवजी ५० टक्के असेल तर पेशंटमध्ये नक्की काय फरक पडतो? आणि ट्रॉम्बेत बनणारं ल्युटेशियम अँटीबॉडीसाठी वेगळं वागतं असं ऐकलंय, ते काय?

---

कोयना

डॉक्टर, पहिल्याचं उत्तर. न ओळखणारी अँटीबॉडी शरीरातून लगेच निघून जात नाही. ती दीड लाख डाल्टनची आहे, मूत्रपिंडातून गळत नाही, दिवसेंदिवस रक्तात फिरते. तिच्यावरचा अणू तेवढा वेळ रक्तातून अस्थिमज्जेला मार देत राहतो, शेवटी यकृत तिला गिळतं. म्हणजे निम्मा डोस नुसता वाया गेला असता तरी परवडलं असतं. तो निम्मा डोस मज्जेच्या वाट्याला जातो, आणि या उपचारांत हात आखडता घ्यावा लागतो तो बहुधा मज्जेमुळेच. स्कॅनसाठी असेल तर चित्र धूसर होतं आणि गाठीत अँटिजेनच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. त्यावरून पुढचा उपचार ठरत असेल तर हे फार गंभीर आहे.

दुसरं. ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉनचा मारा करून ल्युटेशियम-१७७ बनवतात. निसर्गात ल्युटेशियम-१७६ फक्त २.६ टक्के असतं, म्हणून ते वाढवलेलं लक्ष्य घेतात. तरी सगळे अणू काही बदलत नाहीत, बरंचसं साधं ल्युटेशियम सोबत राहतं. निव्वळ ल्युटेशियम-१७७ ची तात्त्विक कमाल मिलिग्रॅममागे ११० क्युरीच्या आसपास आहे. या मार्गाने त्याच्या बरंच खाली राहतो. छोट्या रेणूंना आणि पेप्टाइडना याने फारसं बिघडत नाही, ते हवे तितके जास्त घालता येतात, आणि या मार्गाने मुंबईतून देशभर उपचार पोचले याचा मला मनापासून अभिमान आहे. अँटीबॉडीत मात्र साधं ल्युटेशियमही डोटाच्या जागा अडवतं. तेवढाच किरणोत्सार बसवायचा तर डोटा जास्त जोडावा लागतो, आणि डोटा जास्त म्हणजे ओळख कमी. ही ओढाताण कुठे थांबवायची हे ठरवायला बंधन-चाचणीशिवाय दुसरं साधन नाही. एक, दोन, तीन, पाच डोटांची अँटीबॉडी बनवून प्रत्येकीचा शाबूत हिस्सा काढायचा आणि घसरण सुरू होते त्याच्या आधी थांबायचं.

---

तर्ककर्कश

तुमच्या २६ मधल्या एकीने माझा आक्षेप निकालात काढला. मान्य.

आता पुढचा. पेशी दर वेळी सारख्या नसतात. आज वाढलेल्या आणि पंधरा दिवसांनी वाढलेल्या पेशींवर अँटिजेन तेवढाच असेल कशावरून? मग दोन बॅचची तुलना कशी?

---

कोयना

रास्त. हाच या पद्धतीचा दुबळेपणा आहे, आणि दुसरा म्हणजे व्यस्त मांडल्यामुळे सगळ्यात कमी पेशींचे बिंदू, ज्यांच्यात काउंट्स कमी आणि गोंधळ जास्त, तेच रेषेला सगळ्यात जास्त ओढतात. कमकुवत बंधनाच्या अँटीबॉडीत तर रेष कुठेही जाऊ शकते.

म्हणून गेल्या काही वर्षांत पेशींऐवजी चुंबकी मणी आलेत. शुद्ध अँटिजेन मण्यांवर चिकटवायचा, अँटीबॉडी घालायची, चुंबकाने मणी बाजूला ओढायचे, मोजायचं. अर्ध्या तासात उत्तर. पेशी वाढवायच्या नाहीत, अँटिजेन दर वेळी सारखा. सकाळी लेबल करून दुपारी पेशंटला द्यायचं असेल तर हाच मार्ग व्यवहार्य. पण मण्यावरचा अँटिजेन हा पेशीच्या पापुद्र्यात रुतलेल्या अँटिजेनसारखा घडीबंद असेलच असं नाही. नवी अँटीबॉडी हाती आली की मी दोन्ही करते, जुळले तर पुढे मण्यांवर विश्वास ठेवते. आणि कोणतीही पद्धत असो, एक जुनी, ओळखीची बॅच सोबत ठेवून तुलना करायची. एकटा ८० हा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या ८० शी ताडू नये.

---

खारघरची

काका!! पन्नास मायक्रोलिटरला जे काउंट्स होते ते एक मिलि केल्यावर ठळक उतरले. पातळ्या सारख्या केल्या, प्रत्येक पायरीला ब्लॉक लावला, ईडीटीएने पेशी सोडवल्या. छेद आला १.२ च्या आसपास, म्हणजे ८० टक्क्यांच्या वरच. गाइडना आलेख दाखवला, त्यांनी काहीच न बोलता त्याचा फोटो काढून घेतला. खूप खूप आभार दोघांचेही.

एक शेवटचं विचारते. हीच बॅच पुढच्या आठवड्यात वापरू का? आयोडीन-१२५ आहे, काउंट्स तर भरपूर उरतील.

---

जुना आरआयएवाला

शाब्बास. आलेख वहीत चिकटव, नुसता कॉम्प्युटरवर ठेवू नकोस.

---

कोयना

अभिनंदन! पुढच्या आठवड्यात वापरायची तर त्या दिवशी परत चाचणी लावूनच. तोपर्यंत ती घट्ट द्रावणात ठेवू नकोस, बीएसएच्या बफरमध्ये पातळ करून छोट्या छोट्या वाटण्या कर आणि चार अंशांवर ठेव. एका वाटणीवर आज, एकीवर परवा आणि एकीवर वापरायच्या सकाळी, एवढ्या तीन चाचण्या केल्यास तर तुझी ही अँटीबॉडी किती दिवस टिकते याचा वक्रच तुझ्या प्रबंधात येईल. पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा परीक्षक तोच आधी विचारतील. पेशी कमी पडत असतील तर राजीचा एक फ्लास्क आमच्याकडे वाढतोय, व्यनि कर.